डबा हातात घेतलेला बिल विदर्स

आमच्या नाशिकच्या अंबडमधल्या कंपनीत जेवणाची सुट्टी झाली की पोरं शेडबाहेर भिंतीच्या सावलीत डबे घेऊन उभी राहतात ना, अगदी तसाच फोटो आहे तो. अमेरिकन गायक बिल विदर्सच्या पहिल्या अल्बमचं कव्हर, १९७१ सालचं, हातात डबा. आणि फोटो खरोखर जेवणाच्या सुट्टीतच काढलाय, कारण तेव्हा तो लॉस एंजेलिसजवळच्या एका कारखान्यात विमानातल्या संडासांचं काम करत होता. त्याचं 'एन्ट नो सनशाईन' हे गाणं गाजायला लागलं तरी त्याने लगेच नोकरी सोडली नाही, या धंद्याचा काय भरवसा म्हणून. ईएमआय भरणाऱ्या माणसाला हे लगेच कळतं. पुढे ते गाणं गोल्ड झालं, म्हणजे लाखोंनी खपलं, तेव्हा रेकॉर्ड कंपनीने त्याला सोनेरी टॉयलेट सीट दिली म्हणे.

पण मला तो आवडतो ते वेगळ्याच कारणाने. तो अडखळत बोलायचा. मी पण. शाळेत हजेरीला नुसतं 'हजर' म्हणायचं असायचं, पण ते 'ह' तोंडातून सुटायचंच नाही, आणि सगळा वर्ग हसायचा, सर पण हसायचे. आता बराच सुधारलोय पण फोनवर अनोळखी माणूस असला की अजून अडकतं. बिल वेस्ट व्हर्जिनियातल्या स्लॅब फोर्क नावाच्या कोळसा खाणीच्या गावचा, जन्म १९३८ चा, सहा भावंडांत धाकटा, १३ वर्षांचा असताना वडील गेले, मग नेव्हीत नऊ वर्षं काढली आणि तिशी आली तेव्हा कुठे गाण्याचं मनावर घेतलं. चर्चमध्ये टाळ्या वाजवत गाणारी त्याची आजी, तिच्या हातांवर त्याने गाणं केलंय, 'ग्रॅंडमाज हॅंड्स'. ते ऐकताना मला आमच्या आजीचे हात दिसतात, काकड्याला टाळ वाजवून लाल झालेले.

'एन्ट नो सनशाईन'मध्ये तो 'आय नो' एवढंच सलग २६ वेळा म्हणतो. तिथे त्याला पुढे शब्द लिहायचे होते पण स्टुडिओतल्या जाणत्या लोकांनी सांगितलं, असंच राहू दे. बुकर टी जोन्स हा नावाजलेला संगीतकार प्रोड्यूसर होता, त्याच्यासारख्याचं ऐकलं हे बरं झालं. तेच दोन शब्द परत परत म्हणणं म्हणजे काय असतं हे अडखळणाऱ्याला विचारा, आमच्यासाठी ती लाज असते, आणि त्याने त्याचंच गाणं केलं, त्याला ग्रॅमी पण मिळालं! १९७७ च्या 'लव्हली डे'मध्ये तर 'डे' हा एकच शब्द तो १८ सेकंद धरून ठेवतो, श्वास न तोडता. मी घड्याळ लावून बघितलंय. जो माणूस शब्दावर अडकायचा तोच शब्द सोडायला तयार नाही. गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीवर, पहाटे फिरायला जातो तेव्हा हेच लावतो मी.

'लीन ऑन मी' १९७२ मध्ये अमेरिकेत एक नंबरला गेलं, मोठ्या शहरात आल्यावर गावाकडची एकमेकांना धरून असलेली माणसं आठवून लिहिलेलं. नंतर मोठ्या रेकॉर्ड कंपनीशी त्याचं जमेना, अमुक गा तमुक गा सुरू झालं, आणि १९८५ नंतर त्याने अल्बम काढलाच नाही. सरळ घरी बसला. लोक म्हणतात करिअर वाया घालवलं, मला नाही तसं वाटत, ज्याने नोकरी करून पोट भरलेलं असतं त्याला नाही म्हणता येतं.

३० मार्च २०२० ला तो गेला, हृदयाच्या आजाराने. बातमी आली तेव्हा इथे लॉकडाऊन लागून दहाएक दिवस झाले होते, कंपनी बंद, सिडकोत रस्त्यावर चिटपाखरू नाही. मी किचनमध्ये उभ्या उभ्याच ते डब्याचं कव्हर मोबाईलवर परत काढून बघितलं. माझा डबा ओट्यावर पालथा घातलेला होता, शेवटच्या शिफ्टपासून तसाच.