घोडा नाही, पण बूट हवेत

रविवार, रात्री

ऑफिसची नेहमीची मेल आली. 'गो टेक्सन डे' जवळ आलाय. रोडिओ, म्हणजे गुराख्यांच्या खेळांची इथली मोठी जत्रा, सुरू व्हायच्या आधीच्या शुक्रवारी ह्यूस्टनमधली निम्मी माणसं हॅट, भलंमोठं बक्कल आणि काऊबॉय बूट चढवून कामावर जातात. बँकेतली कॅशियर, शाळेतल्या बाई, दातांचे डॉक्टर, सगळे. मी दरवर्षी चौकड्यांचा शर्ट घालते आणि खाली धावायचे बूट. पाय टेबलाखाली असले की निभून जातं.

यंदा बूट घ्यायचे ठरवलंय. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "अगं, एका शुक्रवारसाठी?" एका शुक्रवारपुरते हवे असते तर रेक्झिनचे स्वस्तातले आणून प्रश्न मिटवला असता. मला वर्षभर वापरायचे बूट हवेत, तळ झिजला तर बदलून घेता येतील असे.

खुटखुट आहे ती वेगळीच. घोड्याचा आणि माझा संबंध माथेरानपुरता, तोही लगाम दुसऱ्याच्या हातात. आपण हे घातले तर सोंग दिसेल का? आमच्या टीममधल्या ज्या बाई रोज बूट घालून येतात त्यांना विचारलं. पिढ्यान्पिढ्या टेक्सासच्या. म्हणाल्या, मी कधी घोड्यावर बसलेच नाही, मला ॲलर्जी आहे.

मंगळवार

वाचत बसले आणि जेवायला उशीर केला. या बुटातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट घोड्यामुळे आहे. टाच उंच आणि आत कललेली, म्हणजे पाऊल रिकिबीतून आरपार जाणार नाही. घोड्यावरून पडलं आणि पाय रिकिबीत अडकला तर घोडा फरफटत नेतो, म्हणून नाड्या नाहीत. वेळ आली तर बूट अडकून राहावा आणि पाय निघून यावा. पोटरीपर्यंतचा भाग काटेरी झुडपांसाठी आणि रिकिबीच्या पट्ट्याच्या घासण्यासाठी. त्या भागावरची रंगीत शिलाई मला नुसती नक्षी वाटायची. तिच्या ओळींमुळे चामड्याला ताठपणा येतो आणि तो भाग घोट्यावर लोळत नाही.

टोकाची गोष्ट मात्र सांगतात तशी नाही. टोकदार पंजा रिकिबीत पटकन शिरावा म्हणून, असं जो तो सांगतो. पण एकोणिसाव्या शतकातल्या गुराख्यांच्या जुन्या फोटोंत बुटांचे पंजे गोल किंवा बोथट दिसतात. सुईसारखी टोकं फोफावली ती १९४० आणि ५०च्या दशकांत, तेव्हा गुरांचे तांडे रेल्वेपर्यंत हाकत नेण्याचा काळ कधीच संपला होता. म्हणजे टोक ही निव्वळ हौस. बरं झालं कळलं. हौसेच्या बाबतीत मला कुणाचं ऐकायची गरज नाही.

बनवणाऱ्यांची नावं वाचताना सोंगाची खुटखुटही बरीचशी निवली. गुराख्यांची विद्याच मुळात मेक्सिकोच्या वाकेरोंकडून, म्हणजे तिथल्या घोडेस्वार गुराख्यांकडून आलेली, खोगीर आणि दोरासकट. १८८३ साली सॅन अँटोनिओत लुकेसी हे दुकान काढणारे सिसिलीहून आलेले. १९११ मध्ये एल पासोत टोनी लामांनी दुकान काढलं, तेही इटालियन घरातले. आणि गेली कित्येक दशकं एल पासोच्या कारखान्यांत हे बूट शिवणारे हात बहुतेक मेक्सिकन घरांतले. बाहेरून आलेल्यांनीच घडवलेली वस्तू आहे ही. मग माझ्या पायांनी काय घोडं मारलंय?

सगळ्यात आवडल्या त्या ईनिड जस्टिन. वडील एच. जे. जस्टिन यांनी १८७९ मध्ये रेड रिव्हरजवळच्या स्पॅनिश फोर्टला बूट करायला सुरुवात केली, कारण गुरांचे तांडे तिथूनच जायचे. पुढे रेल्वे आली तशी मंडळी नोकोनाला आली. १९२५ साली भावांनी धंदा फोर्ट वर्थला हलवला. ईनिडबाई म्हणाल्या, मी नाही येत. त्याच वर्षी नोकोनातच स्वतःची कंपनी काढली आणि भावांच्याच धंद्यात त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. दोन्ही कंपन्या एकत्र आल्या त्या थेट १९८१ मध्ये. मधल्या छप्पन्न वर्षांत त्या घरातली सणावाराची जेवणं कशी पार पडत असतील, हे जाणून घ्यायला मी काहीही देईन.

बुधवार

आईचा फोन. उत्साहाच्या भरात तिला सांगून टाकलं. एक क्षण शांतता, मग, "गाईच्या कातड्याचे गं?"

"आई, माझी पर्स कशाची आहे? बाबांचा पट्टा कशाचा होता?"

"ते वेगळं."

ते वेगळं कसं, हे तिला विचारण्यात अर्थ नाही. आणि खरं सांगायचं तर माझ्याही मनात ते कुठेतरी होतंच. तिने फक्त तोंडाने म्हटलं. पर्स खांद्याला असते, बूट पायात. तिच्या हिशेबात हा फरक फार मोठा आहे आणि माझ्या हिशेबात तो शून्य आहे असं मला ठामपणे म्हणता येईना.

मग पुन्हा शोध. या बुटांत बकरीचं चामडंही सर्रास वापरतात. पातळ असून चिवट, आणि पहिल्या दिवसापासून मऊ. तळ आणि टाचेचे थर मात्र बहुधा गाईबैलांच्याच जाड चामड्याचे, वरती काहीही असो. आईला एवढंच सांगितलं की बकरीचे घेतेय. तळाबद्दल तिने विचारलं नाही, मीही बोलले नाही.

शनिवार

दुकानात अख्खी दुपार गेली. मुद्दामच दुपारनंतर गेले. दिवसभरात पाय थोडे सुजतात, सकाळी नीट बसलेला बूट संध्याकाळी आवळायला लागतो. फ्रीवेलगतचं प्रचंड दुकान, शिरताच चामड्याचा वास, आणि भिंतभर बूट.

आधी महागडी मांडणी बघून घेतली. शहामृगाच्या कातडीवर पिसांच्या मुळांचे टपोरे उंचवटे असतात, हात फिरवला की कळतं. शेजारी केमन, म्हणजे दक्षिण अमेरिकेतली छोटी मगर; हिच्या कातडीत हाडाच्या चकत्या असतात, म्हणून ती अमेरिकन ॲलिगेटरपेक्षा ताठ आणि पुष्कळ स्वस्त. ॲलिगेटरच्या जोडाची किंमत वाचून तो जिथल्या तिथे ठेवला. खालच्या फळीवर मगरीचा ठसा उठवलेले साधे गाईचे बूट. ते मला सगळ्यात केविलवाणे वाटले. गाय तर गाय, तिला मगरीचं सोंग कशाला?

मदतीला आलेले काका साठीच्या पुढचे, स्पॅनिश वळणाचं इंग्रजी, प्रत्येक वाक्यात एक 'मॅम'. नंबर विचारला नाही. म्हणाले, मोजे काढून उभ्या राहा. पाय मोजायच्या लोखंडी पट्टीवर दोन्ही पावलं ठेवली. त्यांनी नुसती लांबी घेतली नाही, टाचेपासून चवड्याच्या हाडापर्यंतचं अंतरही घेतलं. तळव्याच्या कमानीखाली बुटात पोलादाची पट्टी असते. चवडा भलत्या जागी आला तर ती पट्टीही भलत्या जागी टोचते. माझा डावा पाय उजव्यापेक्षा जरा मोठा निघाला. धावायच्या बुटात मी सात घालते, त्यांनी साडेसहा काढला. रुंदी बी, म्हणजे बायकांची नेहमीची.

पहिला जोड दिसायला देखणा, टोकदार, लालसर. वरचे दोन पट्टे धरून ओढला, पाय घोट्याखाली येऊन अडकला. मी आणखी जोर लावला. काका म्हणाले, इथे जोर लावावा लागला तर हा तुमचा नव्हे. दुसरा इतका सहज गेला की मला वाटलं मिळाला. चालायला लागले तर टाच वर-खाली आपटत होती. तोही बाद. मला तेव्हा कुठे उमगलं की या बुटाला नाडी नाही, पट्टा नाही, चेन नाही; पायाला धरून ठेवणारी एकच जागा आहे, पावलाचा वरचा उंचवटा, इनस्टेप. तिथे घट्ट हवा, पण टोचायला नको. बाकी सगळं त्यानंतर.

मग बकरीचा तपकिरी जोड आला. पट्टे ओढले, पाय त्या अडचणीच्या जागी एक क्षण थांबला, आणि मग 'पॉक' असा आवाज होऊन आत बसला. आवाज खरंच होतो. हवा निसटते त्याचा. काका हसले. चालून बघितलं. टाच थोडी उचलली जात होती, पाव इंच असेल. तेवढी नव्या बुटात उचललीच पाहिजे म्हणाले. चामड्याचा तळ अजून फळीसारखा आहे, तो चवड्यापाशी वाकायला लागला की टाच आपोआप खाली राहते. पहिल्याच दिवशी अजिबात उचलली जात नसेल तर बूट लहान आहे. चवड्याला आवळत नाही ना, बोटं पुढे टेकत नाहीत ना, हे बघून घेतलं. टोकदार बुटात बोटं टोकापर्यंत जातच नाहीत, ती रुंद भागात थांबतात आणि पुढचा त्रिकोण रिकामा असतो. मला इतकी वर्षं वाटायचं की ही माणसं बोटं चेमटवून चालतात.

कोल्हापुरीची सवय असलेल्या माणसाला नवं चामडं चावणार हे सांगावं लागत नाही. तेल घालून, रोज थोडं वापरून तिला वळण लावतो तसंच हे, असं मी मनाशी म्हणत होते. काकांनी लगेच सावध केलं: लांबी आणि पंज्याची रुंदी 'होईल सैल' या आशेवर कधी घेऊ नका. चामडं पायाचा आकार घेतं, पण नंबर बदलत नाही.

पंजा कसला घ्यायचा यावर मात्र माझं आणि त्यांचं जमलं नाही. हल्ली सगळे रुंद चौकोनी पंजाच नेतात, त्यात बोटांना ऐसपैस जागा. असेल. मला तो बदकाच्या चोचीसारखा दिसतो. मी मधला घेतला, अणकुचीदार नाही आणि गोलही नाही. टाच दीड इंचाच्या आसपास, किंचित कललेली. ज्यांना दिवसभर उभं राहायचंय ते इंचभर उंचीची सपाट रोपर टाच घेतात. मी दिवसभर बसते.

पैसे देण्याआधी बूट उलटा करून तळ बघितला. कडेने बाहेर शिलाई दिसत होती, म्हणजे पुढे तळ उसवून नवा बसवता येईल. नुसता चिकटवलेला असता तर ठेवून आले असते. कमानीजवळ दोन्ही बाजूंनी बारीक लाकडी खुंट्यांची रांग. लेमनवूडच्या. भिजलं-वाळलं की चामड्याबरोबर त्याही फुगतात आणि आकसतात, खिळ्यांसारख्या गंजून सैल पडत नाहीत. इतक्या बारीक ठिपक्यांसारख्या की कुणी दाखवल्याशिवाय दिसल्या नसत्या. मी उगाच त्यांच्यावरून नख फिरवत राहिले.

२८० डॉलर, वर ८.२५ टक्के टॅक्स. तीनशेपार. नवऱ्याला आकडा सांगताना टॅक्स गाळला.

सोमवार

घरात संध्याकाळी तासभर घालून फिरते. लाकडी फरशीवर असा ठोक ठोक आवाज होतो की लेक म्हणाली, "आई, तू येतेयस ते मला वरपर्यंत कळतं." तिचा फोन खाली ठेवायला हे कारण पुरेसं आहे.

काढताना मात्र फजिती. ओढून निघत नाहीत. बूटजॅक नावाचा एक लाकडी चिमटा मिळतो, त्यात टाच अडकवायची आणि पाय वर उचलायचा. दहा-पंधरा डॉलरची वस्तू, बुटांबरोबरच घ्यावी अशी. तोवर नवरा ओढतोय, कुरकुरत.

शनिवार

काल दिवसभर ऑफिसात घातले. कुणीही काहीही बोललं नाही! फक्त त्या ॲलर्जीवाल्या बाईंनी खाली बघून मान डोलावली आणि 'गोट?' एवढंच विचारलं. ओळखू येतं म्हणजे.

आज डाउनटाउनला रोडिओची परेड बघायला गेलो. ट्रेल रायडर्स दरवर्षी असेच येतात, दूरदूरच्या गावांहून कित्येक दिवस घोड्यांवरून आणि छकड्यांतून, हमरस्त्याच्या कडेकडेने. सॉल्ट ग्रास ट्रेल १९५२ साली ब्रेनहॅमहून निघाला, तेव्हापासूनची ही चाल. मी मुद्दाम सगळ्यांच्या पायांकडे बघत होते. खरोखर घोड्यावर मांड ठोकून आलेल्या माणसांचे बूट चिखलाने भरलेले, बऱ्याच जणांचे तळ रबराचे, पंजे बहुतेक चौकोनी. काका बरोबर होते. अणकुचीदार टोकं आणि चकचकीत ॲलिगेटर होते ते फुटपाथवर, आमच्या बाजूला. मधल्या पंजाच्या बाबतीत माझं मत तरीही बदललेलं नाही.

गुरुवार

चामड्याचा तळ गुळगुळीत फरशीवर निसरडा. लिफ्टसमोरच्या संगमरवरावर जपूनच चालावं लागतं. मोच्याला विचारलं, तर पुढच्या अर्ध्या भागावर रबराची पातळ पट्टी चिकटवून देतो म्हणाला, पण आधी आठवडाभर खडबडीत रस्त्यावर घाला, तळ जरा घासू दे. तेही बरंच आहे, त्या निमित्ताने जेवणानंतर चालणं होतं.

लेकीलाही आता हवेत. तिचा पाय अजून वाढतोय, तिला एवढे महाग घेऊन देणार नाही असं स्पष्ट सांगितलं. ऑगस्टमध्ये शाळा सुरू होताना टेक्सासात तीन दिवस १०० डॉलरच्या आतल्या कपड्यांना आणि बुटांना सेल्स टॅक्स नसतो. तेव्हा बघू. तिने आत्ताच चौकोनी पंजा पसंत करून ठेवलाय.