मालेला किती वाजता उतरायचं?

रविवार

मालदीवचं ठरवायला बसलं की घरात आधी खोलीचे फोटो फिरतात. पाण्यावरची व्हिला, काचेची फरशी, थेट समुद्रात उतरणारा जिना. माझ्या मते खोली सगळ्यात शेवटी. पहिला प्रश्न एकच, मालेला किती वाजता उतरायचं? राजधानी मालेचं वेलाना विमानतळ स्वतःच एका बेटावर आहे. माले शहर आणि शेजारचं हुळुमाले बेट तेवढी पुलाने आणि रस्त्याने जोडलेली, बाकी सगळीकडे पाणी. लांबच्या रिसॉर्टला सीप्लेन, जवळच्याला स्पीडबोट. यातलं सीप्लेन फक्त उजेडात उडतं, म्हणून दुपारी साडेतीनच्या आत उतरणाऱ्यालाच बहुतेक रिसॉर्टं त्या दिवशी नेतात. संध्याकाळी उतरलात की ती रात्र हुळुमालेच्या हॉटेलात. रिसॉर्टच्या पहिल्या रात्रीचे पैसे भरले असतील तर ते गेलेच, वर हॉटेलचं बिल वेगळं. स्पीडबोटी अंधारातही चालतात. तेव्हा विमान उशिराचंच मिळत असेल तर मालेजवळच्या काफू अटॉलमधलीच (अटॉल म्हणजे प्रवाळबेटांचं कडं) रिसॉर्टं बघायची.

आता तिथून उलटं मोजत बेळगावपर्यंत यायचं. सांबऱ्याच्या विमानतळावरून बेंगळुरू आणि बेंगळुरूहून थेट माले, ती शेवटची उडी साधारण दोन तासांची. गोची बेंगळुरूत होते. दोन तिकिटं वेगवेगळी काढली तर बॅगा तिथे उतरवून घ्याव्या लागतात, देशांतर्गत विमान टर्मिनल एकला लागलं असेल तर शटल बसने दोनला जायचं आणि पुन्हा रांगेत उभं राहायचं. आंतरराष्ट्रीय चेक-इन विमान सुटायच्या तासभर आधी बंद होतं. मधे चार-पाच तास तरी हवेत. एकाच पीएनआरवर दोन्ही विमानं मिळत असतील तर हजार-दोन हजार जास्त गेले तरी तेच घ्यावं. पहिलं विमान रखडलं तर पुढची सोय करणं मग कंपनीच्या गळ्यात असतं. वेगळ्या तिकिटांत ते आपल्याच गळ्यात. पावसाळ्यात सांबऱ्यावर ढग खाली आले की काय होतं, ते इथल्यांना सांगायला नको.

राणी चन्नम्मा एक्सप्रेसने रात्री निघून सकाळी बेंगळुरूत उतरायचं, हा जुना आणि स्वस्त मार्ग आहेच. पण स्टेशनपासून विमानतळ पस्तीसेक किलोमीटर, आणि सकाळची वर्दळ. विमान सकाळचं असेल तर आदल्या दिवशीच पोचलेलं बरं. निपाणीकडच्यांनी मुंबईहून सुटणाऱ्या विमानांचा भावही बघून ठेवावा.

मंगळवार, रात्री

तारखांचा घोळ आपल्या सीमाभागात जरा जास्तच. एक भाऊ बेळगावच्या टिळकवाडीत, दुसरा कोल्हापुरात. इकडच्या शाळांना ऑक्टोबरात दसऱ्याची मोठी सुट्टी, तिकडे दिवाळीची. दोघांच्या पोरांना एकदम सुट्टी म्हटलं की कॅलेंडरावरचं बोट फिरून फिरून मे महिन्यावर येतं. आणि मे नेमका वाईट. नैऋत्य मोसमी वारा आपल्याकडे जूनमध्ये येतो, मालदीवला त्याआधी मेमध्येच पोचलेला असतो, आणि ऑक्टोबरपर्यंत मुक्काम. दिवसभर धो धो कोसळतो असं नाही, सरी येऊन जातात. पण समुद्र खवळतो, स्पीडबोट आपटत जाते आणि पाणी गढूळ होतं. भाव मात्र उतरलेले असतात. मांटा रे, म्हणजे पंख पसरल्यासारखे दिसणारे मोठे चपटे मासे, बघायचे असतील तर उलट हेच दिवस. बा अटॉलमधल्या हनीफारू खाडीत ते जून ते नोव्हेंबरच्या दरम्यान जमतात.

कोरडे आणि शांत महिने जानेवारी ते एप्रिल. 24 आणि 31 डिसेंबरला बरीच रिसॉर्टं जेवणाचा वेगळा सक्तीचा आकार लावतात, तो बुकिंगच्या पानावर तळाशी बारीक अक्षरात असतो. रिसॉर्ट सोडून स्थानिक वस्तीच्या बेटावर गेस्टहाऊसमध्ये राहणार असाल तर रमजानही बघा. 2027 मध्ये तो फेब्रुवारी-मार्चात, म्हणजे ऐन हंगामात आहे. दिवसा उपाहारगृहं बंद असतात. रिसॉर्टात फरक पडत नाही.

गुरुवार

हिशेब. खोलीचा रात्रीचा भाव 300 डॉलर दिसतो आणि पुढे बारीक दोन अधिक चिन्हं असतात. त्यातलं पहिलं सेवाशुल्क, 10 टक्के : झाले 330. दुसरा पर्यटन जीएसटी, 1 जुलै 2025 पासून 17 टक्के, आणि तो 330 वर लागतो : 386.10. त्यावर हरित कर, रिसॉर्टात 2025 पासून माणशी रात्रीला 12 डॉलर. दोघांचे 24. म्हणजे तीनशेची खोली 410.10 ला पडली. सीप्लेन अजून धरलंच नाही. ते जाऊन-येऊन माणशी साधारण चारशे ते सहाशे. तीन रात्रींसाठी एवढा खर्च मला पटत नाही; सहा रात्री असतील तर तो विभागला जातो. तीन रात्रीवाल्यांनी स्पीडबोटीचं रिसॉर्ट घ्यावं आणि उरलेले पैसे जेवणात घालावेत. कारण रिसॉर्ट म्हणजे अख्खं बेट त्यांचं. कोपऱ्यावर टपरी नाही, दुकान नाही. नुसत्या नाश्त्याचा पॅकेज घेऊन गेलेला माणूस दुसऱ्याच दिवशी मेनूकार्डाकडे बघत बसतो.

माफुशीसारख्या स्थानिक बेटावर 80 डॉलरची खोली याच रीतीने 102.96 होते. पन्नासपेक्षा कमी खोल्यांच्या गेस्टहाऊसला हरित कर माणशी 6, म्हणजे दोघांचे मिळून 114.96. स्पीडबोट पाऊण तासाच्या आत पोचवते. सरकारी फेरी त्याहून खूप स्वस्त, पण वेळ दुप्पट आणि शुक्रवारी बंद. तिथे दारू नाही आणि पोहण्याच्या कपड्यांसाठी किनारा ठरवून दिलेला असतो. दारू देशात आणताच येत नाही. गोव्याहून बॅगेत घातलेली असो की बेंगळुरूच्या ड्यूटी-फ्रीची, माले कस्टम ती काढून ठेवतं.

शनिवार

खोली आत्ता. नकाशात बेटाभोवती फिकट निळा पट्टा आणि मग एकदम गडद रेघ दिसते. ती रेघ म्हणजे प्रवाळाची कडा, मासे तिथे. पाण्यावरच्या पुष्कळ व्हिला फिकट भागात असतात. ओहोटीला कमरेएवढं पाणी, खाली नुसती वाळू, मासा औषधालाही नाही. पोहता न येणाऱ्याला किंवा लहान पोरांना तेच चांगलं. ज्याला मासेच बघायचेत त्याने किनाऱ्यावरची स्वस्त खोली घ्यावी, पण कडा जवळ असलेलं बेट निवडावं.

पाण्याखाली बघायच्या मास्कची सवय मालवणला करून घेता येते. मास्क पट्टा न लावता तोंडावर दाबायचा, नाकाने श्वास आत ओढायचा. हात सोडल्यावर चिकटून राहिला तर माप बरोबर. मिशीवाल्यांच्या मास्कमध्ये नाकाखालून पाणी झिरपतंच. रबर सिलिकॉनचं असेल तर मिशीवर व्हॅसलीनचा पातळ हात फिरवायचा. काचेवर वाफ धरते तिला बेबी शाम्पूचा एक थेंब, चोळून लगेच धुवून टाकायचा. पाठ हमखास भाजते, म्हणून पूर्ण बाह्यांचा घट्ट टी-शर्ट. स्कूबा केलंत तर परतीच्या विमानाआधी पूर्ण दिवस मोकळा ठेवा. मालवणला डुबकी मारून त्याच संध्याकाळी आंबोली चढण्यालाही खरं तर हाच नियम लागतो. तिथली डुबकी उथळ असते म्हणून खपून जातं.

सोमवार

तिकिटावरचं नाव पासपोर्टवरच्या नावाशी जुळलं पाहिजे, मार्कशीटशी नव्हे. इकडच्या शाळांनी लावलेली इनिशियल्स तिकिटावर नकोत. नव्या सुनेचा पासपोर्ट माहेरच्या नावाचा असेल तर तिकीटही त्याच नावाने. घाईने पासपोर्ट बदलायला जाऊ नये. व्हिसा उतरल्यावर, फुकट. इमुगा या सरकारी साइटवरचा प्रवाशाच्या माहितीचा फॉर्म पोचण्याच्या आधी 96 तासांत भरायचा, तोही फुकट. पैसे मागणारी साइट दलालाची. निघतानाही तो पुन्हा भरावा लागतो.

सामान माणशी 15 किलोत बसवा. सीप्लेनला 20 अधिक हातात 5 चालतं, पण देशातल्या विमानाला बहुधा 15 च. लोणचं हातातल्या पिशवीत नको, तेल म्हणून काढतात. शेंगाचटणी, भडंग चालतं. पूजेची मूर्ती नेऊ नये, कस्टमच्या मनाई यादीत आहे. शिंपले आणि प्रवाळाचे तुकडे परत आणायचे नाहीत.

रिसॉर्टला मेल आठवडाभर आधी : विमानाचा नंबर, उतरायची वेळ, शाकाहारी किती, मासळी नको असलेला नाश्ता. परतीच्या बोटीची वेळ कुठल्या घड्याळाची, हेही त्यातच विचारायचं. माले आपल्यापेक्षा अर्धा तास मागे, आणि काही रिसॉर्टं स्वतःचं घड्याळ मालेच्याही तासभर पुढे ठेवतात.