पट्टीखालचं लाकूड

आमच्या पवनी भागात होडी म्हटली की मासेमारी करणाऱ्या ढीवरांचा डोंगाच डोळ्यांपुढे येतो. नौदलातून निवृत्त झालेल्या एका काकांनी गोसेखुर्द धरणाच्या पाण्यात चालवायला जुनी शिडाची होडी ट्रेलरवर गावात आणली, तेव्हा पाहायला अर्धं गाव लोटलं. मी चौकटी-दारांचं काम करणारा सुतार. आतल्या लाकूडकामासाठी मला बोलावलं.

होडी फायबरची, पण केबिनच्या आतल्या भिंती प्लायच्या. मधल्या आडव्या भिंतीवर काळा ओघळ उतरला होता, पापुद्रे सुटले होते. ते झाकायला काकांना सागवानाची नक्षीदार पट्टी हवी होती. मी आधी टोच्या दाबून पाहिला. खाली टणक लागलं. वर छताजवळ मात्र तो थेट आरपार गेला आणि टोकाला ओला काळा भुसा आला.

"काहून उकरून राहिले मिस्त्री? मारून द्या ना पट्टी वरून," काकांचा पुतण्या म्हणाला.

काका वाकून बघतच राहिले. मग त्यांनी समजावलं. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी ताणून धरणाऱ्या तारा ज्या पोलादी पट्ट्यांना अडकवतात, त्या छतातून खाली येऊन याच भिंतीला बोल्टने आवळलेल्या असतात. शिडात वारा भरला की सगळा ओढा इथेच. छताच्या भोकातलं सीलंट तडकलं होतं, पावसाचं पाणी बोल्टच्या कडेने प्लायमध्ये मुरत होतं. वरून पट्टी मारली असती, तर जोराच्या वाऱ्यात डोलकाठीच खाली आली असती. ऐकताना माझ्या अंगावर काटा आला.

मग कुजलेला भाग कापून काढला, पाण्यात टिकणारा, आयएस ७१० शिक्क्याचा मरीन प्लाय एपॉक्सी या पक्क्या चिकटद्रव्याने सांधला, भोक नव्याने बुजवलं. पट्टीचं काम त्यानंतर. आणि ते काय सुरेख काम! होडीत ओळंबा चालत नाही, कारण सरळ असं काही नसतंच. प्रत्येक कडेचा पुठ्ठ्यावर साचा काढायचा, कंपासने बाक उतरवायचा, मग रंधा. सागवान आपल्याच चंद्रपूरकडचं, पण तेलकट. अ‍ॅसिटोनने पुसल्याशिवाय एपॉक्सी नीट धरत नाही.

बोल्टवरच्या सागवानी पट्ट्यांना मात्र मी चिकट काहीच लावलं नाही, फक्त पितळी स्क्रू. दर पावसाळ्यानंतर त्या उघडून बोल्ट बघा, असं काकांना बजावून सांगितलं. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर होडीतच ठेवून घेतला.