डबीतलं मशीन

सासूबाईंना कमी ऐकू येतंय हे आमच्या लक्षात आलं ते घंटागाडीमुळे. गाडी गाणं वाजवत दारात यायची, आणि ओट्यावर बसलेल्या आई म्हणायच्या, "आज आली नाही वाटतं." "साखर हवी का?" विचारलं की "भाकर नको आत्ता." आम्ही हसायचो. आता लाज वाटते, कारण त्याच सुमारास त्यांनी नाशिकच्या पंचवटीतलं भजनी मंडळ सोडलं होतं आणि आम्हाला गुडघ्यांचं कारण सांगितलं होतं.

पहिली चूक माझीच. शालिमारकडच्या एका दुकानातून कान न तपासताच ऐकण्याचं मशीन आणलं. भांडी, पंखा, पिशवीची चुरचुर, सगळंच मोठं. बोलणं मात्र कळेना. आठ दिवसांत ते डबीत गेलं.

मग कॉलेज रोडला कान-नाक-घशाचे डॉक्टर. आधी थेंब घालून मळ काढला, नंतर बंद खोलीत ऑडिओमेट्री. हेडफोनमध्ये अगदी हळू आवाज आला तरी बटण दाबायचं. त्यातल्या त्यात बऱ्या कानाचा आकडा ५२ डेसिबल; आकडा जितका मोठा, तितकं ऐकू कमी. जाड आवाज बऱ्यापैकी येत होते, बारीक, म्हणजे उंच पट्टीतले, गेले होते. 'स', 'श' बारीक आवाजातले, म्हणून साखरेची भाकर! दिव्यांग प्रमाणपत्राची चौकशी केली, तर दोन्ही कानांत किमान ६० डेसिबल लागतात. म्हणजे खर्च आपलाच.

आईंचं एकच पालुपद: "या वयात कशाला? किती दिवस राहिलेत?" तेव्हा लेकीने २०२४ च्या जानेवारीत 'लॅन्सेट'च्या एका वैद्यकीय नियतकालिकात आलेला अमेरिकेतला अभ्यास वाचून दाखवला. जवळजवळ १०,००० प्रौढांची माहिती होती. कमी ऐकू येणाऱ्यांपैकी जे मशीन नियमित लावत, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण कधीच न लावणाऱ्यांपेक्षा २४ टक्के कमी. वय, उत्पन्न, आजार धरूनही. मशीनने आयुष्य वाढतं असं यातून सिद्ध होत नाही, हे लेकीनेच बजावलं. पण मला टोचलं ते पुढचं: अधूनमधून लावणाऱ्यांत काहीच फरक दिसला नव्हता. आमची डबी आठवली.

नवं मशीन ऑडिओलॉजिस्टने, म्हणजे श्रवणतज्ज्ञाने, तपासणीच्या आलेखाप्रमाणे बसवून दिलं. पहिल्या आठवड्यात रोज दोनच तास, तेही घरात. दोनदा परत जाऊन आवाज जुळवून घेतला. सेल १३ नंबरचा. केशरी चिकटपट्टी काढली की मिनिटभर हवा लागू द्यायची, मगच घालायचा. हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं, निम्मे सेल वाया गेले.

मंडळ पुन्हा सुरू झालंय. झांजा मात्र सोसत नाहीत, म्हणून तेवढा वेळ मशीन पदराच्या गाठीत. घरी यायला रिक्षात बसल्या की परत कानात, कारण भाडं नीट ऐकायचं असतं.