दहा मिनिटांचे कलम

सकाळी सव्वासात वाजता भट्टीवरच्या मुकादमांचा फोन आला, तेव्हा मी बेळगावात टिळकवाडीतल्या दुसऱ्या रेल्वे गेटपाशी फाटक उघडण्याची वाट पाहत होतो. मुकादम खानापूर तालुक्यातले, वयाने आणि कामाने माझ्यापेक्षा मोठे. कारखान्यात सगळे त्यांना मामा म्हणतात. मामा सहसा फोन करत नाहीत. ते म्हणाले, "सर, पाटीवरची अक्षरंच गेलीत. कायतरी भलतंच उमटूलालंय. लगेच येऊन बघा की."

पाटी म्हणजे भट्टीशेजारच्या खांबावर बसवलेला टॅबलेट. उद्यमबागेतील आमच्या फाउंड्रीत, म्हणजे लोखंडाच्या ओतीव वस्तूंच्या कारखान्यात, तो लावून जेमतेम सहा आठवडे झाले होते. त्यापूर्वी तिथे लाल शिक्क्याच्या कागदी सूचना प्लास्टिकच्या पिशवीत टांगलेल्या असत. धुराने आणि वाळूने त्या महिन्याभरात काळ्या पडत आणि मी नव्या छापून देत असे. दस्तऐवज नियंत्रण हे माझे गेल्या अठरा वर्षांचे काम आहे. कोणती कार्यसूचना कोणत्या रिव्हिजनवर आहे, ती कोणी तपासली, कोणी मंजूर केली, जुनी प्रत कारखान्यातून परत आली की नाही, याचा हिशेब मी ठेवतो. बाहेरून पाहणाऱ्याला हे कारकुनी काम वाटते, पण भट्टीपुढे उभा असलेला माणूस ज्या कागदावर विसंबून चौदाशे अंश तापमानाचा लोखंडाचा रस हाताळतो, तो कागद बरोबर असण्याची जबाबदारी कोणीतरी घ्यावी लागते, आणि ती माझ्याकडे आहे याचा मला अभिमान आहे.

आमच्याकडे प्रत्येक कार्यसूचना तीन भाषांत असते. ग्राहकांसाठी आणि अभियंत्यांसाठी इंग्रजी, खानापूर-नंदगड भागातून येणाऱ्यांसाठी मराठी आणि बैलहोंगल-कित्तूर भागातून येणाऱ्यांसाठी कन्नड. हा आमचा चांगुलपणा आहे असे नव्हे. वाहन उद्योगाला माल देणाऱ्यांना लागू असलेल्या आयएटीएफ १६९४९ या मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत ८.५.१.२ हे कलम आहे, आणि कामगाराला दिलेली सूचना त्याला समजणाऱ्या भाषेत, वाचता येईल अशी आणि कामाच्या जागी उपलब्ध असली पाहिजे, असे ते स्पष्ट सांगते. त्याच दिवशी साडेदहा वाजता पुण्याहून ग्राहकाचे ऑडिटर येणार होते, आणि त्यांच्या यादीत हे कलम होते.

मी पोहोचलो तेव्हा पाटीवर रोमन अक्षरे, डॉलरची चिन्हे, स्वल्पविराम आणि उलटे कंस यांची रांग दिसत होती. मधूनमधून आकडे तेवढे ओळखू येत होते. शेजारचा कन्नड रकानाही तसाच होता. मामांनी एसजी आयर्नचे, म्हणजे मॅग्नेशियम मिसळून केलेल्या चिवट लोखंडाचे, काम थांबवून ठेवले होते आणि भट्टी नुसती तापमानावर धरली होती. त्यांचा तो निर्णय मला आजही फार मोलाचा वाटतो, कारण सूचना त्यांना तोंडपाठ होती; तरीही वाचता न येणाऱ्या सूचनेखाली काम सुरू करायचे नाही, असे त्यांनी स्वतः ठरवले. मंजुरीच्या सह्या असलेला छापील संच मी माझ्या कपाटात ठेवला होता. त्यातली इंग्रजी आणि मराठी पाने मी खांबावर चिकटवली आणि आठ वाजता काम सुरू झाले. कन्नड पान संचात नव्हते. त्या घाईत मला त्याचे विशेष काही वाटले नाही.

आदल्या रात्री आमच्या दस्तऐवजांच्या सॉफ्टवेअरचे मोठे अपडेट झाले होते. त्याची सूचना दोन आठवडे आधी आली होती आणि नव्या सोयींची यादी मी उत्साहाने वाचली होती. एकच दस्तऐवज अनेकांनी ब्राउझरमध्ये एकाच वेळी लिहिण्याची सोय, प्रत्येकाचा कर्सर वेगळ्या रंगात, शेऱ्यामध्ये सहकाऱ्याचे नाव घालून त्याच्यावर काम सोपवणे, दोन आवृत्त्यांची शब्दागणिक तुलना, कच्चा मसुदा आणि मंजूर आवृत्ती यांची फारकत, वाचल्याची नोंद, असे बरेच काही त्यात होते. एक ओळ मात्र मी वाचून पुढे गेलो होतो. आतापर्यंत मंजुरीनंतर दस्तऐवजाची पीडीएफ तयार होऊन ती पाटीवर जात असे. आता पाटीवर मूळ दस्तऐवजच थेट उघडणार होता, म्हणजे मंजूर झालेला बदल त्याच क्षणी कारखान्यात दिसणार होता. सोय चांगलीच होती. पण पीडीएफ आपल्यासोबत फॉन्ट घेऊन फिरते, आणि ब्राउझरमध्ये उघडलेल्या दस्तऐवजाला सर्व्हरवर किंवा समोरच्या यंत्रावर असलेल्याच फॉन्टवर भागवावे लागते.

आमच्या जुन्या मराठी आणि कन्नड फायली युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, नव्हत्या. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरी आणि कन्नड या दोन्ही लिप्यांना स्वतंत्र जागा मिळाली होती. पण विंडोजमध्ये देवनागरीची सोय विंडोज २००० पासून आणि कन्नडची एक्सपीपासून आली, आणि तोवर कचेऱ्यांना आणि छापखान्यांना जुन्या फॉन्टची सवय झालेली होती. मी रुजू झालो तेव्हा युनिकोड उपलब्ध होते, तरी मला जो टंकलेखनाचा संच मिळाला तो जुन्या पद्धतीचा होता, आणि मी तोच वापरत राहिलो. त्या पद्धतीत 'क' टंकला की संगणक प्रत्यक्षात एखादे रोमन अक्षर साठवतो आणि फॉन्ट त्यावर 'क'चा आकार रंगवतो. फॉन्ट असेपर्यंत डोळ्यांना मराठी दिसते. फॉन्ट काढला की खाली जे साठवले आहे ते उघडे पडते, आणि त्या सकाळी पाटीवर तेच उघडे पडले होते.

सर्व्हरवर ते दोन फॉन्ट टाकून वेळ मारून नेता येईल का, असे आमच्या संगणक विभागातील तरुणाने विचारले. मी नको म्हणालो. मी यादीत वाचलेल्या नव्या सोयींपैकी शोध, तुलना आणि शेरे या सर्वांना अक्षर हे अक्षर म्हणून साठवलेले हवे होते, आणि आमच्याकडे अक्षरांची चित्रे होती. निदान ऑडिटर येण्यापूर्वी एसजी आयर्नच्या प्रक्रियेची एक कार्यसूचना युनिकोडमध्ये आणायची, असे मी ठरवले.

आमच्या प्रयोगशाळेतील अक्का बैलहोंगलच्या. कन्नड भाषांतर तपासण्याचे काम त्या गेले वर्षभर करत आहेत. मी त्यांना बोलावले. रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमने दोन्ही भाषांचा मजकूर क्षणात बदलून दिला, पण तो जसाच्या तसा घेण्यासारखा नव्हता. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी साठवली जाते, युनिकोडमध्ये नंतर. रफार जुन्या पद्धतीत अक्षरानंतर येतो, युनिकोडमध्ये आधी. बहुतेक ठिकाणी प्रोग्रॅमने ही अदलाबदल नीट केली होती, पण जोडाक्षरावर वेलांटी आणि रफार एकत्र आले की तो गोंधळत होता. 'दुसऱ्या' या शब्दातला अर्धा र तर सगळीकडे मोडला होता. कन्नडमध्येही र् चे चिन्ह अक्षरानंतर येते आणि तिथेही तीच तऱ्हा झाली होती.

मग आम्ही तिघे एकाच दस्तऐवजात बसलो. मी कार्यालयात, अक्का प्रयोगशाळेत आणि मामा भट्टीजवळच्या पाटीवर. तीन रकान्यांत तीन भाषा आणि तीन रंगांचे कर्सर. मी मराठी दुरुस्त करत होतो, शेजारच्या रकान्यात अक्कांचा हिरवा कर्सर चालताना दिसत होता, आणि मामा वाचून शेरे टाकत होते. त्यांना टंकता येत नाही, म्हणून ते बोलून लिहीत होते. बोललेले मराठी संगणकाने बरेचसे बरोबर उतरवले याचे त्यांना नवल वाटले. अक्का आणि मी दोघेही इन्स्क्रिप्ट कळफलक वापरत होतो. या कळफलकावर भारतीय लिप्यांची रचना एकच असते, त्यामुळे ज्या कळीवर माझा 'क' उमटत होता त्याच कळीवर त्यांचा कन्नड 'क' उमटत होता. अठरा वर्षे शेजारी ठेवलेल्या या दोन भाषा मी त्या दिवशी प्रथमच एका ओळीत वाचत होतो, आणि त्यामुळेच पुढची गोष्ट सापडली.

सातव्या कलमापाशी अक्कांचा कर्सर थांबला. त्यांनी माझे नाव घालून शेरा लिहिला, "सर, तुमच्याकडे दहा आहे. माझ्याकडे बारा आहे. कुठलं खरं?"

हे कलम एसजी आयर्नच्या सूचनेतले सर्वांत महत्त्वाचे. वितळलेल्या लोखंडात मॅग्नेशियम मिसळले की थंड होताना त्यातला ग्राफाइट गोळीच्या आकाराचा होतो, आणि त्यामुळेच या लोखंडाला चिवटपणा येतो. पण मॅग्नेशियम रसात टिकत नाही; मिनिटागणिक ते उडून जाते, आणि फार वेळ गेला तर ग्राफाइट पुन्हा पापुद्र्यांसारखा होऊ लागतो. अशी ओतीव वस्तू बाहेरून अगदी चांगली दिसते आणि ताण आला की तुटते. म्हणून मॅग्नेशियमची प्रक्रिया संपल्यापासून किती मिनिटांत लॅडल, म्हणजे रस वाहून नेण्याचे भांडे, रिकामी व्हावी याची मर्यादा ठरलेली असते आणि त्यानंतर उरलेला रस साच्यात ओतायचा नसतो. आमची मर्यादा पूर्वी बारा मिनिटे होती. तिसऱ्या रिव्हिजनमध्ये ती दहा केली.

मी कन्नड फाइलचा जुना इतिहास उघडला. तिसऱ्या रिव्हिजनच्या तारखेला ती फाइल उघडली होती, शीर्षभागातील रिव्हिजन क्रमांक आणि तारीख बदलली होती, आणि ती बंद केली होती. सातव्या कलमाला हात लागलेला नव्हता. ते काम मी केले होते. मला कन्नड बोलता येते, पण वाचताना अडखळतो. क्रमांक बदलला आणि मजकूर भाषांतराला पाठवायचा म्हणून बाजूला ठेवला, तो राहून गेला. तपासणाऱ्याने शीर्षक पाहून सही केली. फाइलमध्ये 'बारा' शोधून पाहावे, तर तिथे शोधण्याजोगे कन्नड अक्षरच नव्हते. चौदा महिने ती सूचना भट्टीपुढे नव्या क्रमांकाखाली जुना मजकूर दाखवत राहिली.

त्यावेळी दहा वाजून पाच मिनिटे झाली होती. फाइल दुरुस्त करून नवी आवृत्ती मंजूर करायला पंचवीस मिनिटे पुरेशी होती, आणि ऑडिटरना काही दिसलेही नसते. हा विचार माझ्या मनात आला हे मी लपवत नाही. पण एखाद्या लॅडलमध्ये बारा मिनिटांपर्यंत ओतकाम झाले असेल, तर ते ओतीव भाग कुठल्या गाडीत बसले आहेत, हा प्रश्न दुरुस्तीने मिटणारा नव्हता. मी गुणवत्ता प्रमुखांकडे गेलो आणि सर्व सांगितले. त्यांनी मला एवढेच विचारले, "ओतकामाच्या नोंदवह्या किती महिन्यांच्या आहेत?" सर्व होत्या. प्रत्येक लॅडलची प्रक्रियेची आणि शेवटच्या साच्याची वेळ त्यात लिहिलेली असते.

साडेदहाला ऑडिटर आल्यावर सुरुवातीच्याच बैठकीत आम्ही त्यांना ही गोष्ट सांगितली. ते काही वेळ शांत राहिले आणि म्हणाले, चला, आधी भट्टीवर जाऊ. तिथे त्यांनी मामांना मर्यादा विचारली. मामांनी दहा सांगितले. मग लॅडल हाताळणाऱ्या कित्तूरकडच्या कामगाराला विचारले आणि अक्कांनी दुभाषाचे काम केले. तो म्हणाला, "पाटीवर बारा आहे. पण मामा दहाच्या वर ओतू देत नाहीत." आणि जरा थांबून त्याने स्वतःच भर घातली, "मामा रजेवर असले की आम्ही पाटी बघतो."

नोंदवह्या तपासायला दुपारचे चार वाजले. मी, अक्का आणि प्रयोगशाळेतील आणखी दोघे बसलो होतो. दहा मिनिटांच्या पुढे गेलेल्या तीन लॅडल सापडल्या, तिन्ही अकरा मिनिटांच्या. तिन्ही तारखा मी हजेरीशी ताडून पाहिल्या. तिन्ही दिवशी मामा रजेवर होते. आमच्याकडे प्रत्येक लॅडलच्या शेवटच्या साच्यातला नमुना जपून ठेवतात. अक्कांनी ते तीन नमुने पुन्हा घासून सूक्ष्मदर्शकाखाली धरले. ऑडिटर त्यांच्या शेजारी उभे होते. मी दाराशी होतो, आत जाण्याचे धैर्य मला होत नव्हते. तिन्ही नमुन्यांत गोळीच्या आकाराचा ग्राफाइट ऐंशी टक्क्यांच्या वर निघाला, म्हणजे माल चांगला होता. अक्कांनी मान वर करून "सर, ठीक आहे" असे म्हटले, तेव्हा माझे डोळे भरून आले होते.

ऑडिटरनी दस्तऐवज नियंत्रणाच्या कलमाखाली आमच्यावर एक किरकोळ त्रुटी नोंदवली. ती योग्यच होती.

आता तीन भाषांच्या तीन फायली राहिलेल्या नाहीत. एकाच दस्तऐवजात तीन रकाने आहेत, आणि एका रकान्यातले कलम बदलले तर उरलेले दोन तपासल्याशिवाय मंजुरी पुढे सरकत नाही, अशी मांडणी आम्ही नव्या सोयीत करून घेतली. आपोआप साठवण्याची सोय मसुद्यापुरतीच ठेवली. भट्टीवर फक्त मंजूर आवृत्ती दिसते. कन्नड रकान्याची सही माझी नसते, अक्कांची असते.

संध्याकाळी सहा वाजता नवी आवृत्ती पाटीवर आली. वाचल्याची नोंद करण्यासाठी पहिल्यांदा मामांनी बोट लावले, मग कित्तूरच्या कामगाराने. त्याने आधी सातवे कलम मोठ्याने वाचले, "हत्तु निमिष," म्हणजे दहा मिनिटे, आणि मगच बोट लावले. मामा मात्र तिथेच थांबले होते. त्यांनी पाटी जवळ ओढली, चष्मा वर सरकवला आणि मला म्हणाले, "सर, नवव्या कलमात 'दुसऱ्या'चा र अजून मोडलाय बघा." मी परत कार्यालयात जाऊन तो दुरुस्त केला. अशा दोनशे चौदा कार्यसूचना अजून बाकी होत्या. दुसऱ्या दिवसापासून रोज तीन, असे अक्कांनी आणि मी ठरवले.