छताखाली अडकलेला श्वास

मंगळवार, रात्र.

आज समुद्रतळावरच्या त्या विमानापाशी दोनदा डुबकी मारून गेले. दुपारी मात्र आत शिरले नाही.

प्रशांत महासागरातल्या मायक्रोनेशियाच्या ट्रुक लगूनला, प्रवाळकड्याने वेढलेल्या समुद्रात, बहुतेकजण येतात ते फेब्रुवारी १९४४च्या अमेरिकी हल्ल्यात बुडालेली जपानी जहाजं बघायला. माझा जीव अडकला तो या बॉम्बरमध्ये. मित्सुबिशी जी४एम, दोस्त राष्ट्रांनी ठेवलेलं नाव ‘बेट्टी’. एटेन बेटावरच्या धावपट्टीच्या थोडं अलीकडेच ते पाण्यात कोसळलं. नाक फुटलं, दोन्ही इंजिनं निसटून पार पुढे जाऊन पडली. पंख अजून पसरलेलेच आहेत. जवळजवळ २० मीटर खोल, वाळूत टेकलेले.

सकाळी फुटक्या नाकातून आत गेले. काचेसारखे आरपार दिसणारे बोटभर मासे, शेकड्यांनी. मी पुढे सरकले की वाट द्यायचे, मागे पुन्हा मिटायचे. भिंतीवर एक काळपट डाग होता. टॉर्च टाकला तर लालभडक स्पंज, एका जागी चिकटून जगणारा समुद्री प्राणी! इतक्या खोलवर उन्हातला लाल रंग पोचतच नाही, हे ठाऊक असूनही दचकले. स्पंजाच्या कडेला रिव्हेटांची सरळ ओळ, कुणीतरी कारखान्यात एकेक करून ठोकलेली.

मग वर पाहिलं. छताखाली पाऱ्यासारखी चकाकणारी थारोळी साचत होती. माझ्याच उच्छ्वासाची. इथे दाब पृष्ठभागाच्या तिप्पट, म्हणून एकेका श्वासाला हवाही तिप्पट लागते, आणि ती सगळी वर जाऊन अडकते. धातू झिजायला आयता प्राणवायू. एका थारोळ्यात स्पंजाची कड हवेत उघडी पडली होती. पाण्याबाहेर स्पंज टिकत नाही. फार वाईट वाटलं. पायातले पोहण्याचे फिन वाळूला लागू नयेत म्हणून इतकी जपत होते, आणि श्वासाचा विचारच केला नव्हता.

दुपारी पंखाच्या वर तरंगत राहिले. खिडकीच्या भोकातून तेच मासे दिसत होते, सकाळपेक्षा निवांत. पंखाच्या कडेला समुद्रफुलात, म्हणजे फुलासारख्या दिसणाऱ्या समुद्री प्राण्यात, क्लाउनफिश माशांची जोडी. त्यातला मोठा मासा माझ्या मास्कवर तीनदा चालून आला. आतून गेले असते तर हे दिसलंच नसतं.

हवा संपत आली तशी निघाले. त्या वेळी आत कुणीच नव्हतं. तरी छतातल्या एका बारीक भोकातून बुडबुड्यांची माळ सावकाश वर चढत होती.