सगळ्यात खालची ओळ

‘हृदयक्रिया बंद पडल्याने मृत्यू.’ मृत्यूच्या दाखल्यावर एवढंच लिहिलेलं दिसलं की माझा जीव तळमळतो. हृदय प्रत्येकाचंच बंद पडतं, बुडालेल्याचंही, भाजलेल्याचंही. ते मरण झालं, मरणाचं कारण नव्हे.

एका आजींचं सांगते. बाथरूममध्ये घसरून खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि 18व्या दिवशी पलंगावरून उठताना अचानक धाप लागून त्या गेल्या. शवविच्छेदनात हृदय बाहेर काढण्याआधीच मी फुफ्फुसाची मुख्य धमनी जागेवर उघडली. आत वेटोळं होऊन अडकलेली गुठळी. मृत्यूनंतर गोठलेलं रक्त ओलसर, चकचकीत, जेलीसारखं लवचीक असतं. ही कोरडी, खरखरीत, चिमटीत तुटणारी होती आणि कापल्यावर फिकट-तांबड्या थरांच्या रेघा दिसत होत्या. म्हणजे वाहत्या रक्तात, जिवंतपणीच तयार झालेली. मग पोटऱ्या उघडल्या. खोल शिरांमध्ये तसेच तुकडे सापडले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मृत्यूच्या दाखल्याच्या नमुन्यात पहिल्या भागात कारणांची साखळी लिहायची असते. वर थेट कारण, सगळ्यात खाली जिथून सुरुवात झाली ते. मी लिहिलं: फुफ्फुसाच्या धमनीत अडकलेली गुठळी, काही मिनिटं. त्याखाली पायाच्या खोल शिरांतल्या गुठळ्या, काही दिवस. त्याखाली खुब्याचं हाड मोडणं, 18 दिवस. आणि तळाशी, घसरून पडणं. लठ्ठपणा दुसऱ्या भागात, कारण त्याने हातभार लावला, पण तो या साखळीतला दुवा नव्हता. मृत्यूचा प्रकार: अपघाती.

पहिल्याच ओळीवर थांबले असते तर हा मृत्यू नैसर्गिक ठरला असता, आणि मूळ कारणावरून निघणाऱ्या आकडेवारीतून ते पडणं कायमचं गळालं असतं.

प्रत्येक वेळी साखळी तळापर्यंत पोहोचत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली काही दिसत नाही, विषाची तपासणी कोरी येते. अशा वेळी मी ‘अनिश्चित’ लिहिते. पूर्वी ते लिहिताना हात अडखळायचा, आता नाही. ओढूनताणून बसवलेलं कारण त्याहून वाईट.

आजींची मुलगी अहवाल न्यायला आली. बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “डॉक्टर, त्या दिवशी सकाळची बीपीची गोळी द्यायची माझ्याकडून राहिली होती. हार्ट बंद पडलं म्हणाले, तेव्हापासून…”

मी कागद तिच्यापुढे सरकवला. “यात बघा. त्या गोळीने हे झालेलं नाही.”

बोट ठेवत ठेवत तिने चारही ओळी वाचल्या. मग पुन्हा पहिलीपासून.